जुन्या दगड-विटांच्या इमारतीचं मजबुतीकरण : साइटवरच्या नोंदी

६ मे

पहिली सविस्तर पाहणी झाली. दोन मजली इमारत, खालच्या हॉलवर विटांचा बॅरल व्हॉल्ट (आडव्या अर्ध्या पिंपासारखं कमानदार छत), भिंती जाड आणि तीन थरांच्या, म्हणजे बाहेरून घडीव दगड, आतून वीट आणि मधे चुन्यात टाकलेला दगडगोटा. पूर्वेकडच्या लांब भिंतीला पोट आलंय, ओळंबा सोडायच्या आधीच डोळ्यांना कळतं. व्हॉल्टच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने सलग भेग. वरच्या मजल्यावर मागे कधीतरी लाकडी तुळया काढून काँक्रीटचा स्लॅब ओतलाय आणि बाहेरच्या सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून टाकल्यात. ईशान्य कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांची तिरकी भेग आहे ती वेगळंच काहीतरी सांगतेय, तिच्याकडे नंतर येतो.

मालकांचा पहिला प्रश्न तोच, "पडणार का?" लगेच नाही, असं सांगितलं आणि ते खरंच आहे. कमानीला भेग पडली म्हणजे कमान संपली असं नसतं. दगड-विटांचं बांधकाम दाबावर चालतं, ताण त्याला जवळपास सहनच होत नाही, त्यामुळे आधार थोडे जरी बाजूला सरकले तरी कमान भेगाळून नव्या अंतरात बसते. माथ्यावर खालच्या बाजूने उघडते, खांद्यांवर वरच्या बाजूने उघडते, तीन बिजागऱ्या, म्हणजे जिथे कमान थोडी फिरू शकते अशा जागा, तयार होतात आणि ती तशीच उभी राहते. चौथी बिजागरी झाली की मात्र खेळ खलास. आपल्याकडे सध्या तीन आहेत, खांद्यावरच्या दोन भरावाखाली असल्यामुळे दिसत नाहीत इतकंच.

म्हणजे भेग हा आजार नाही. भिंत बाहेर का गेली आणि अजून जातेय का, हे शोधायचंय.

९ मे

क्रॅक गेज लावले. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी किंवा प्लास्टरचा ठिपका लावायचे, तुटला की हालचाल झाली समजायचं, पण किती झाली आणि कुठल्या दिशेने हे त्यातून काहीच कळत नाही. त्यामुळे जाळीवाल्या प्लास्टिकच्या गेजा, आणि महत्त्वाच्या ठिकाणी भेगेच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे बारीक ठोकळे चिकटवून डिजिटल कॅलिपरने मोजायचं. प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहायचं हे पोरांना परत परत सांगितलंय, कारण तापमान नसलेलं वाचन म्हणजे निम्मं वाचन. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाला मोठ्या भेगा आहेत आणि त्या ऋतूप्रमाणे उघडमीट करतात, तिथे हे कित्येक वर्षं मोजत आलेत. ती उघडमीट बाजूला काढल्यावर उरते ती खरी वाढ, आणि आपल्याला तीच हवीय.

मालकांना वाटतंय की मोजमाप म्हणजे काम टाळायची सोय. त्यांचंही बरोबर, बाहेरून बघणाऱ्याला कुणी काहीच करत नाहीये असंच दिसतं.

२४ मे

टेकू लावले. पूर्व भिंतीला बाहेरून तिरके धिरे, हॉलमध्ये व्हॉल्टखाली लाकडी सेंटरिंग, म्हणजे कमानीच्या आकाराचा आधार. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने धिऱ्यांना जॅक लावून भिंत "थोडी आत घेऊ का" असं विचारलं, त्याला तिथेच थांबवलं. धिरा भिंतीला नुसता हात लावून उभा असायला पाहिजे, भिंत बाहेर आली तर अडवायला, तिला ढकलायला नाही. पोट आलेल्या भिंतीच्या आतल्या पोकळीत मधला चुरा खाली सरकून बसलेला असतो, बाहेरून दाबलं की तो पाचरीसारखं काम करतो आणि दुसरीकडे कुठेतरी फुटतं.

व्हॉल्टखालची सेंटरिंगपण तशीच, टेकलेली पण उचलत नसलेली. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामच्या आगीनंतर सुरुवातीलाच जी कामं हातात घेतली त्यात बाहेरच्या उडत्या कमानींखाली लाकडी सेंटरिंग बसवणं होतं. आतला व्हॉल्ट बाहेर ढकलतो आणि ती कमान आत ढकलते, दोघं एकमेकांच्या जोरावर उभे, त्यामुळे आतला व्हॉल्ट पडला असता तर बाहेरच्या कमानीला ढकलायला समोर कुणी उरलं नसतं. काय काढलं की कशाचा तोल जाईल, हा एकच प्रश्न या सगळ्या कामात पुन्हा पुन्हा विचारायचा.

१७ जून

ईशान्य कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया उघडा केला. पायाचे दगड ठीक आहेत पण खालची माती ओली, भुसभुशीत, आणि भिंतीला लागूनच जुना भाजलेल्या मातीचा ड्रेनेज पाइप दोन ठिकाणी तुटलेला. वर्षानुवर्षं पाणी मुरतंय आणि मातीतला बारीक भाग धुऊन नेतंय, कोपरा खचला तो यामुळे.

आता यावर लगेच मायक्रोपाइल (जमिनीत खोल घालायचे बारीक खांब), अंडरपिनिंग (जुन्या पायाखाली नवा आधार) वगैरे चर्चा सुरू झाली. माझं मत वेगळं आहे. आधी पाइप दुरुस्त करायचा, पाणी भिंतीपासून लांब न्यायचं, माती आपोआप सावरतेय का ते गेजवर बघायचं आणि मगच ठरवायचं. गरज असेल तिथे अंडरपिनिंगला पर्याय नाही हे मान्य, इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलखाली पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती आणि भूजल होतं, तिथे विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने १९०६ ते १९११ अशी वर्षं काळोख्या पाण्यात उतरून काँक्रीटच्या पिशव्या रचत पाया सावरला. पण पायाला हात लावणं हे स्वतःच जोखमीचं काम आहे. पिसाच्या मनोऱ्याचंच बघा. १९९० मध्ये तो बंद केला, १९९३ मध्ये वर आलेल्या बाजूला शिशाची वजनं ठेवली, त्याचा चांगला उपयोग झाला, मग १९९५ मध्ये ती वजनं काढून जमिनीत अँकर घालायचं ठरलं आणि त्यासाठी द्रव नायट्रोजनने जमीन गोठवायला घेतली तर मनोरा सरळ होण्याऐवजी आधीच्याच बाजूला आणखी झुकायला लागला, काम थांबवून वजनं वाढवावी लागली. शेवटी यश आलं ते मनोऱ्याला न शिवता, वरच्या बाजूखालची माती तिरक्या बोअरने हळूहळू काढून. झुकाव साधारण अर्ध्या अंशाने कमी झाला आणि २००१ मध्ये मनोरा परत उघडला. जगातली सगळ्यात हुशार माणसं तिथे होती तरी ही गत, तर आपण एका तुटक्या पाइपसाठी पाइल ठोकायच्या?

१८ जून

पाइप बदलायला सुरुवात. गच्चीची पन्हळपण उघडली, आत झाडाची मुळं.

२२ जुलै

पाऊस जोरात, साइटवर काम कमी, त्यामुळे तपासण्या उरकल्या. भिंतीवर हातोडीने टकटक करत फिरलो आणि जिथे पोकळ आवाज तिथे खडूने खुणा. मग तिथे बारीक भोक पाडून आत एंडोस्कोपचा कॅमेरा घातला. बाहेरचा दगडी थर आणि मधला भराव यांच्यात हात जाईल एवढी पोकळी आहे. आरपार जाणारे, दोन्ही थरांना शिवणारे लांब दगड या पट्ट्यात बहुतेक नाहीतच.

फ्लॅट जॅक चाचणीही झाली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी : भिंतीवर एका दरजेच्या वर-खाली खुणेच्या पिना लावून अंतर मोजायचं, मग ती दरज आडवी कापायची, कापली की वरचं वजन खाली बसतं आणि पिनांमधलं अंतर कमी होतं. त्या चिरेत पातळ पत्र्याची जॅकची पिशवी घालून तेलाचा दाब वाढवत न्यायचा, अंतर पहिल्याएवढं झालं की त्या दाबावरून, दुरुस्तीचे गुणक लावून, त्या जागी भिंतीत वजनाचा किती दाब होता ते कळतं. म्हणजे भिंत न फोडता तिलाच विचारायचं की बाई तुझ्या डोक्यावर किती ओझं आहे.

उत्तर असं आलं की बाहेरच्या थरावर जवळपास ओझंच नाही, सगळं आतल्या विटांच्या थरावर. स्लॅब ओतताना तो भिंतीच्या आतल्या अर्ध्यावरच टेकवलाय, त्यामुळे बाहेरचा थर नुसता सोबत उभा आहे. वर कोणाचं वजन नाही, मागून व्हॉल्टचा रेटा, आत पाणी. पोट येणार नाही तर काय.

तीन थरांच्या भिंती मला नेहमीच झोप उडवणाऱ्या वाटतात कारण त्या बोलत नाहीत. इटलीत पाव्हिया शहरातला सिव्हिक टॉवर १९८९ च्या मार्चमध्ये अचानक कोसळला आणि ४ माणसं गेली, तो अशाच भिंतींचा होता, भूकंप नाही, वादळ नाही. नंतरच्या अभ्यासातून जे पुढे आलं ते असं की सतत जास्त दाबाखाली असलेलं जुनं बांधकाम शतकानुशतकं सूक्ष्म प्रमाणात भेगाळत राहतं आणि एक दिवस पुरे म्हणतं. त्यामुळे "इतकी वर्षं उभी आहे की" हा युक्तिवाद कोणी केला की मी पाव्हिया सांगतो.

१९ ऑगस्ट

सिमेंटच्या दरजांबद्दल सविस्तर लिहायचं राहिलं होतं. आज एक पट्टा छिन्नीने उघडला. दरज अजून ताठ उभी आहे आणि दोन्ही बाजूचा दगड मात्र खपल्या निघून मागे सरकलाय, म्हणजे दरज पुढे आणि दगड आत, अगदी उलटं चित्र. चुन्याची दरज मऊ आणि सच्छिद्र असते, भिंतीतलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं, क्षार तिच्यात साठतात, झिजते ती, आणि दर काही दशकांनी बदलायची असते. सिमेंटची दरज पाणी अडवते, मग पाणी दगडातून बाहेर यायला बघतं आणि क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागाखालीच वाढतात, तिथून पापुद्रे निघतात. वर वर बघणाऱ्याला दुरुस्ती मजबूत आणि दगड खराब असं वाटतं. मजबूत दरज हाच दोष आहे हे पटवायला मालकांना प्रत्यक्ष तिथे उभं करावं लागलं.

सगळं सिमेंट हाताने काढायचं ठरवलंय. ग्राइंडर चालवला की पटपट होतं पण पातळ दरजांमध्ये चकती हमखास दगडाची कड खाते, आणि ती कड परत येत नाही. ज्या ठिकाणी सिमेंट दगडाला इतकं घट्ट धरून बसलंय की काढताना दगडच जाईल तिथे सोडून द्यायचं.

एका खिडकीच्या कमानीवर लोखंडी पट्टी सापडली, गंजून फुगलेली, तिने वरचे दोन दगड उचलून फोडलेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये हेच झालं. मूळ बांधणाऱ्यांनी लोखंडी आकडे शिशात बसवले होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत साधं लोखंड शिशाशिवाय घातलं, ते गंजून संगमरवर फुटला आणि आत्ताच्या दुरुस्तीत ते काढून टायटॅनियमचे आकडे घालावे लागले. आपण ही पट्टी काढून तिथे स्टेनलेस स्टील घालतोय.

११ सप्टेंबर

आजची मीटिंग लांबली. विषय कामाचा क्रम. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं की जड स्लॅब हा मुख्य गुन्हेगार, तो आधी काढून टाका, भिंत हलकी होईल. ऐकायला बरोबर वाटतं. पण व्हॉल्टचा रेटा आडवा आहे, तो स्लॅब काढल्याने कमी होत नाही. भिंतीवरचं उभं वजन त्या आडव्या रेट्याला खाली वळवतं, दोघांची मिळून जी तिरकी रेषा होते ती भिंतीच्या जाडीतून पायापर्यंत उतरली पाहिजे. वरचं वजन काढलं की ती रेषा आडवी व्हायला लागते आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेकडे सरकते, त्याच बाजूला जिथे आधीच पोट आहे. गॉथिक चर्चच्या बट्रेसवर (भिंतीला बाहेरून आधार देणाऱ्या जाड खांबांवर) ते टोकदार दगडी कळस असतात ना, ते फक्त शोभेचे नाहीत, वजनाचेपण आहेत.

म्हणून क्रम असा : समोरासमोरच्या भिंतींना बांधून धरणारे टाय रॉड आधी, मग ग्राउटिंग (भिंतीतल्या पोकळीत पातळ मसाला भरणं) आणि दोन थर शिवणं, त्यानंतर स्लॅब, शेवटी दरजा. टाय बसल्यावर व्हॉल्टचा रेटा भिंतीवर येण्याऐवजी रॉडमध्ये जाईल आणि मग स्लॅब काढता येईल.

दुसरा वाद दिसण्याचा. मालकांना हॉलमध्ये रॉड दिसायला नकोत. व्हॉल्टच्या वर भरावात लपवता येतात पण मग रॉड रेट्याच्या जागेपेक्षा उंच जातो आणि मधल्या उंचीत भिंतीला वाकवतो. व्हॉल्ट जिथून उगवतो त्याच पातळीला किंवा जरा वर रॉड असेल तर सरळ काम करतो. युरोपातल्या कितीतरी जुन्या कमानींखाली असे रॉड दिसतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. मी स्पष्ट सांगितलं की दिसणारा रॉड प्रामाणिक आहे, तपासता येतो, लागला तर आवळता येतो आणि उद्या कोणाला याहून चांगलं सुचलं तर काढताही येतो. तयार झाले, पण मनापासून नाही.

रोमच्या सेंट पीटरच्या घुमटावरही असाच वाद रंगला होता. १७४२ मध्ये तीन गणितज्ञांनी भेगांचा अहवाल दिला, मग पोलेनी नावाच्या शास्त्रज्ञाने एका साखळीला घुमटाच्या तुकड्यांच्या वजनाच्या प्रमाणात वजनं लटकवून बघितलं की तो आकार उलटा केल्यावर घुमटाच्या जाडीत बसतो का. बसला. म्हणजे घुमट लगेच पडणार नव्हता, तरी घुमटाभोवती लोखंडी कडी घालायला त्याने होकार दिला आणि १७४३-४४ मध्ये ती बसवली गेली. हिशोबाने धोका नाही निघाला तरी आधार द्यायला त्याने कमीपणा मानला नाही, हे मला आवडतं.

६ ऑक्टोबर

टाय बसवायला सुरुवात. स्टेनलेस रॉड, बाहेरच्या बाजूला अँकर प्लेट. प्लेट मोठी ठेवलीय कारण बाहेरचा थर कमजोर आहे, लहान प्लेट दगडासकट आत घुसली असती, शिवाय भोक आतल्या थरापर्यंत ग्राउट करून रॉडची पकड दोन्ही थरांवर घेतलीय.

किती आवळायचं यावर मिस्त्री आणि मी वेगवेगळ्या मताचे. मिस्त्री म्हणतात, "साहेब, आवळायचंच आहे तर भेग मिटेपर्यंत आवळू." पण भेगेत इतक्या वर्षांचा चुरा आणि धूळ बसलीय, ती मिटणार नाही, विटाच ठेचल्या जातील. रॉड झोल न राहता ताठ झाला की बस, वर थोडासाच ताण. सगळे रॉड थोडे थोडे, आलटून पालटून. एकच पूर्ण आवळून पुढे गेलं की भिंत लाटेसारखी होते.

२८ ऑक्टोबर

ग्राउटिंग. यात सिमेंट अजिबात नाही, नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्याशी प्रक्रिया होऊन घट्ट होणारा) आणि बारीक पोझोलाना (चुन्याशी मिळून घट्ट होणारी पूड). फक्त मऊपणाचा प्रश्न नाहीये, जुन्या भिंतीत जिप्सम किंवा सल्फेटचे क्षार असतील तर सिमेंट त्यांच्याशी प्रक्रिया करून फुगणारे स्फटिक तयार करतं आणि आपणच भरलेलं ग्राउट भिंत आतून फाडतं. आपल्या नमुन्यांमध्ये सल्फेट सापडलंय.

पद्धत : भोकांची रांग खालून वर, आधी पाण्याने आतली पोकळी ओली करायची, नाहीतर कोरडी वीट ग्राउटमधलं पाणी शोषून घेते आणि ते वाटेतच घट्ट होऊन बसतं. दाब अगदी कमी, जवळपास टाकी उंच ठेवून उतरेल तेवढाच. खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की खालचं बंद करून वर जायचं. आणि एका दिवसात फार उंची नाही. ओलं ग्राउट म्हणजे द्रव आहे, उंची वाढली की पाण्यासारखाच आडवा दाब देतं, आणि तो दाब त्याच सुटलेल्या बाहेरच्या थरावर. धिरे अजून काढले नाहीत ते यासाठीच.

दुपारी एका ठिकाणी ग्राउट जातच राहिलं, बाहेर कुठून येतंय ते दिसेना. थांबवलं. शोधल्यावर भिंतीतली जुनी बुजवलेली चिमणी निघाली. नकाशावर नव्हती.

१८ नोव्हेंबर

दोन थर शिवायचं काम संपलं, स्टेनलेसचे पिळाचे रॉड तिरके घालून चुन्याच्या ग्राउटमध्ये. परत टकटक केली, खडूच्या खुणांपैकी बहुतेक ठिकाणी आवाज भरीव येतोय. दोन पट्टे अजून पोकळ, तिथे परत भोकं घ्यायचीत.

१२ डिसेंबर

स्लॅब काढतोय. ब्रेकरला बंदी, करवतीने छोटे तुकडे कापून क्रेनने उचलायचे, कारण हादरे व्हॉल्टला नको आहेत. दोन्ही बाजूंनी सारखं सारखं काढत मधे यायचं, व्हॉल्टवरच्या भरावालाही तोच नियम. खांद्यावरचा भराव व्हॉल्टला जागेवर धरून ठेवतो, एकाच बाजूचा उपसला की दुसऱ्या बाजूचं वजन त्याला वाकडं करतं.

खांद्यांवर मागच्या दुरुस्त्यांमधला राडारोडा सैल टाकलेला सापडला, बराच. असिसीच्या बॅसिलिकात २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात छताचे व्हॉल्ट पडले त्यामागे असाच सैल राडारोडा होता, हलताना सरकतो आणि व्हॉल्टचा आकार बिघडवतो. तो काढून तिथे हलका चुना-भराव घालतोय. असिसीत पुढे व्हॉल्टच्या पाठीवर अरामिड तंतूंच्या पातळ फासळ्या बसवल्या. आपल्याकडेही कार्बन फायबर एपॉक्सीने चिकटवायचा प्रस्ताव आला होता, पण एपॉक्सी म्हणजे परत पाण्याला अडवणारा थर, आणि दरजांची गोष्ट अजून ताजी आहे. त्याऐवजी व्हॉल्टच्या पाठीवर काचतंतूंची जाळी चुन्याच्या मसाल्यात बसवतोय. ताकद कमी मिळते, आपल्याला पुरते.

स्लॅबच्या जागी पुन्हा लाकडी तुळया, वर फळ्यांचे दोन तिरके थर एकमेकांना आडवे, आणि तुळयांची टोकं स्टीलच्या पट्ट्यांनी भिंतीला बांधलेली. हलकं राहतं आणि चारी भिंतींना एकत्र धरतं. इटलीतल्या भूकंपांमध्ये कमकुवत दगडी भिंतींवर जड काँक्रीटची छतं टाकून "मजबूत" केलेल्या इमारतींचं नुकसान मोठं झालं, छत एकसंध हललं आणि खालची भिंत चुरा झाली. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९३१ च्या अथेन्स सनदेने काँक्रीटसकट आधुनिक तंत्राच्या विचारपूर्वक वापराला मान्यता दिली होती. १९६४ च्या व्हेनिस सनदेत मात्र नव्या तंत्राला अट आली, पारंपरिक पद्धत अपुरी पडली तर, आणि त्या तंत्राचा परिणाम सिद्ध झालेला असेल तरच.

स्लॅबचा शेवटचा तुकडा निघाला त्या रात्री गेजवर पूर्व भिंतीची हालचाल जवळपास शून्य, टायमधला ताण मात्र वाढलेला. रेटा कुठे गेला ते आकड्यात दिसलं.

९ फेब्रुवारी

दरजा निम्म्या झाल्या. एनएचएल ३.५ चा, म्हणजे तोच नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, वाळू टोकदार दाण्याची. गोणपाट ओलं ठेवायला लागतं, चुना वाळला म्हणजे पक्का झाला असं नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया व्हायला ओल लागते आणि तिला वेळ लागतो. नवीन मुलं संध्याकाळी गोणपाट काढून ठेवतात, परत सांगितलं.

ईशान्य कोपरा पाइप बदलल्यापासून ऋतूची उघडमीट सोडता हललेला नाही. अंडरपिनिंगचा विषय सध्या बंद, पण पुढचा पूर्ण पावसाळा बघितल्याशिवाय फाइलवर तसं लिहिणार नाही.

धिरे पुढच्या आठवड्यात एकेक करून काढायचे, दोन धिऱ्यांमध्ये किमान दोन वाचनं. गेज काढायची नाहीत. टायच्या नटांवर रंगाची खूण केलीय, वर्षातून एकदा बघायला सोपं. गच्चीच्या पन्हळीची जाळी अजून आलेली नाही, ती आधी बसवा, मग मचाण उतरवा, नाहीतर परत मचाण बांधावं लागेल.